डोळे उघडायच्या आत

१२ मार्च

ती. आईस,

नमस्कार. तुझं पत्र सोमवारी मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. माझाही खोकला गेला. खोलीच्या खिडकीला घरमालकाने अखेर काच बसवली.

एवढं लिहून चार दिवस कागद तसाच पडून होता. पुढे लिहायचंय ते तुझ्या पत्राचं उत्तर, आणि ते पत्र नुसतं आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तू लिहिलंस, "धाकट्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेलेत, या खेपेला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. चिमणी दीड वर्षाची, दिवसभर आईच्या अंगावर चढते. चार-सहा महिने तू घेऊन जा तिला. एकटा जीव तू, दिवसभर उंदरांचं करतेस, तसं माझ्या नातीचं कर. एवढ्याशा लेकराला काय कळतंय? तूही राहिलीसच की मावशीकडे. काय बिघडलं तुझं?"

बरं, उंदरांचंच सांगते. आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या खोल्या माझ्याकडे आहेत, एवढंच तुला माहीत. तिथे मी काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. पिल्लू दोन दिवसांचं झालं की मी त्याला आईपासून उचलते. रोज तीन तास, दोन आठवडे. दुसऱ्या डब्यात ठेवते. डब्याखाली गरम गादी असते, म्हणजे थंडी नाही. पोट भरलेलं असतं. मारझोड नाही, काही नाही. फक्त आई नाही.

त्या पिल्लांचे डोळेसुद्धा उघडलेले नसतात, आई. ते उघडतात तेव्हा आमचं काम संपत आलेलं असतं.

मग ती मोठी होतात, धडधाकट दिसतात. त्यांना एका उंच फळीवर सोडतात. फळीला चार वाटा, दोन भिंतींच्या आणि दोन उघड्या. आईजवळ वाढलेला उंदीर थोडं हुंगून उघड्या वाटेवर जातो. आम्ही उचललेला भिंतीला चिकटून बसतो. खोलीत कुणाच्या हातून झाकण पडलं तर बाकीचे दचकून पुन्हा खायला लागतात, हा अर्धा तास थरथरतो. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर सांगतात की भीती जागवणारा मेंदूचा भाग त्यांच्यात फार लवकर चेततो आणि तिला आवर घालणाऱ्या पेशींची वाढ नीट झालेली नसते. त्यांना काहीच आठवत नसतं. आठवायची गरजच पडत नाही.

आणि तू विचारतेस, काय बिघडलं!

गेल्या वर्षी मी एक गाढवपणा केला. एका वेतातल्या नऊ पिल्लांना डब्यात ठेवलं की मी चित्रकलेचा मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून त्यांच्या पाठीवरून फिरवायची. उंदरीण चाटते तसा. चौदा दिवस, कुणाला न सांगता. मोठी झाल्यावर ती नऊच्या नऊ उघड्या वाटेवर बऱ्यापैकी फिरली. सरांच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर डोकं खाजवलं. शेवटी मीच कबूल केलं. सर माझ्यावर एवढे भडकले की बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू गेलं. सगळ्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं होतं, त्यांचं बरोबरच होतं. शेवटी म्हणाले, "अहो, इतकी वर्षं काम करताय, असं का केलंत?"

मी म्हटलं, "माहीत नाही, सर." खोटं बोलले.

तेरा-चौदा महिन्यांची होते मी. धाकटा व्हायचा होता, म्हणून दोन महिन्यांसाठी मावशीकडे पाठवलंस. दोन महिन्यांची चार वर्षं झाली. मावशीने वेळेवर जेवायला घातलं, स्वच्छ कपडे घातले. गरम गादी होती, आई. परत आणलं तेव्हा तू दारात उभी होतीस आणि मी मावशीच्या मागे लपले. तू म्हणालीस, "बघा, आईला ओळखत नाही ही," आणि धाकट्याला कडेवर घेऊन आत निघून गेलीस. पाच वर्षांची पोर होते मी! मी ओळखायचं होतं?

आजही शेजारचं दार आपटलं की माझ्या हातातला कप पडतो. उशीखाली बिस्किटांचा पुडा नसेल तर झोप लागत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा नवरा म्हणाला, "तुझ्या जवळ यायचं म्हणजे आधी सूचना द्यावी लागते." वाईट नव्हता तो. वेगळे झालो तेव्हा मी स्वभाव जुळला नाही असं तुला कळवलं आणि तू माझ्या हट्टी स्वभावावर दोन पानं लिहिलीस.

आता एक गोष्ट लिहिताना मला लाज वाटतेय. तुझं पत्र वाचून मी आधी चिडले नाही. आधी पलंग भिंतीकडे सरकवून बघितला, चिमणीचा पाळणा मावतो का. मावतो. दिवसा खालचं पाळणाघर, संध्याकाळी मी. तिला मांडीवर घेऊन बसायचं माझ्या किती मनात आहे ते तुला ठाऊक नाही.

म्हणूनच सांगते, मी तिला आणणार नाही. मावशीचंही माझ्यावर प्रेमच होतं.

मी सरांकडे सहा महिन्यांची रजा मागितली होती, चार मिळाली. रविवारी येते. स्वयंपाक, धुणं, भांडी मी करीन. चिमणी तिच्या आईच्या पलंगावर, आईच्या कुशीत झोपेल. पोटावर चढायला लागली की मी उचलीन आणि शांत झाली की पुन्हा तिथेच ठेवीन. धाकट्याला सांगितलंय. तुला विचारत नाही, कळवतेय.

सर परवा म्हणाले की मोठेपणी चांगला पिंजरा आणि चांगली सोबत मिळाली तर काही उंदीर बरेच सावरतात. सगळे नाही. मी विचारलं, वय किती झालं की उपयोग होत नाही? ते म्हणाले, ते अजून कुणी नीट तपासलेलं नाही.

रविवारी सकाळी दहापर्यंत पोचेन. गुडघा दुखत असला तरी दार तूच उघड. कडेवर कुणाला घेऊ नकोस.

या वेळी ओळखायचं काम तुझं.

तुझी,
थोरली