चंदरचा डाव

१२ फेब्रुवारी १९९८

सिन्नर सुटलं आणि मी नाशिककर झाले! सिडकोतलं हे घर दोनच खोल्यांचं, पण पुढे ओटा आहे, मागे मोरी, आणि गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. ज्ञानेश सकाळीच अंबडला कंपनीत गेले. (चारचौघांत "अहो" म्हणावं लागतं, डायरीत तरी नवऱ्याचं नाव लिहिता येतं.) सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. हाताची मेंदी उतरेपर्यंत बसून खा म्हणाल्या आणि द्राक्षांचा अख्खा घड पुढ्यात ठेवला. सासूच्या नावाने सगळ्यांनी मला उगाच घाबरवलं होतं.

एक गंमत मात्र झाली. टीव्हीखाली व्हिडिओ गेम आहे, कॅसेट घालून खेळायचा तो. वर क्रोशाचा रुमाल, पण त्याखाली लाल दिवा चालू. उगाच लाइट जळतेय म्हणून बटण बंद करायला गेले, तर आईंनी मागून येऊन माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट. मग लगेच हसल्या. घर तुझंच आहे गं छाया, म्हणाल्या, तेवढ्या एकाला हात लावू नकोस.

१७ फेब्रुवारी

आज ज्ञानेशनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ चंदर बारावीला होता. गेल्याच्या गेल्या दिवाळीत सुट्टीत दोघे भाऊ हाच खेळ खेळत बसले होते. एकाचा माणूस पडला की दुसऱ्याचा डाव, असा खेळ. चंदरचा डाव चालू असताना आईंनी त्याला दही आणायला पिटाळलं. त्याने खेळ मधेच थांबवून ठेवला, सायकल काढली, आणि त्रिमूर्ती चौकात टेम्पोने उडवलं.

त्या दिवसापासून आईंनी तो गेम बंद होऊ दिलेला नाही. लाइट गेली तरी चालावा म्हणून ज्ञानेशनी त्याला ट्रकची बॅटरी जोडून दिलीय. टीव्हीवर बातम्या लागतात, मालिका लागतात, खाली गेम तसाच थांबलेला.

मी खूप रडले. मुलगा गेलेल्या बाईला कशाचा आधार वाटेल, सांगता येत नाही.

२६ फेब्रुवारी

दुपारी आईंनी टीव्हीवर गेम लावून मला ते थांबलेलं चित्र दाखवलं. पिवळ्या हेल्मेटचा एक बुटका माणूस दरीवर उडी मारून हवेतच अडकलाय. विटांच्या पायऱ्या, पलीकडे खेकडा. आईंनी पदराने काच पुसली, लेकराचं तोंड पुसावं तशी. म्हणाल्या, बघ, पडलेला नाही अजून.

मग मला हा खेळ येतो का विचारलं. मामाच्या पोरांबरोबर खेळलेय, मी म्हटलं. त्यांचा चेहरा इतका उजळला, की मी त्यांना माहेरहून काही आणून दिल्यासारखं वाटलं.

३ मार्च

आज आईंनी दुसरी जॉयस्टिक माझ्या हातात दिली. ही ज्ञानेशची, त्या दिवसानंतर त्यांनी धरलीच नाही म्हणे. चंदरला एकट्याला करमत नाही, तू नुसती धरून बस. मी धरली. त्यांनी पहिल्या जॉयस्टिकचं मधलं बटण दाबलं. खेळ थांबवायचं आणि सुरू करायचं बटण त्या एकाच जॉयस्टिकला आहे.

बुटका दरीत गेला. मला वाटलं आई हंबरडा फोडतील. त्या पुढे सरकून बघत राहिल्या, माझ्याकडे. पडद्यावर हिरव्या हेल्मेटचा माणूस आला, माझा. कोपऱ्यात वेळ उलटा पळत होता. दोन विटा चढले आणि खेकड्याने खाल्लं. हसूच आलं मला.

मग डोळा लागला असावा. जागी झाले तर दिवेलागण झालेली, आई देवापुढे निरांजन लावत होत्या. पडद्यावर माझा हिरवा माणूस थांबवून ठेवलेला. अंगठ्याला फोड आलाय. एवढं मी कधी खेळले?

७ मार्च

आईंनी इतकं विनवलं की परत बसले. आणि परत तसंच. दुपार कुठे गेली कळलं नाही. तोंडात गुटख्याची चव. मला तर बडीशेपसुद्धा नको असते. मोरीत चुळा भरत होते तर आई मागे येऊन उभ्या. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दमलास का रे?"

मी वळले. त्यांनी हात काढून घेतला.

आता खेळायचं नाही. कितीही रडल्या तरी नाही.

१९ मार्च

मधले दिवस कुठे गेले?

मी जॉयस्टिक धरली नव्हती. दुपारची जरा पडले होते, एवढं आठवतं. हातात धरायलाच लागत नाही बहुतेक. त्यांनी बटण दाबलं, वेळ संपला, माझा माणूस आपोआप मेला. मग चंदरचा डाव.

आज एकदम टीव्हीसमोर जागी झाले. पिवळा नुकताच पडला होता, हिरवा उभा होता. शेजारी कोणी नव्हतं. पहिली जॉयस्टिक मांडीवर होती. मी मधलं बटण दाबलं. खेळ थांबला. माझ्या डावावर थांबलाय. म्हणून मी आहे.

नखांत रंग. रंगपंचमी होऊन गेली. शेजारच्या सुलाबाई ओट्यावरून म्हणाल्या, काय गं ही थेरं, नवी सून आणि गड्यांच्या घोळक्यात रहाडीत उडी मारतेस? रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात. मला पाण्याची भीती वाटते. त्या म्हणाल्या, शिट्टी काय मारलीस!

त्याचा डाव असला की तो असतो. थांबवून ठेवतो, आणि माझे पाय घेऊन बाहेर जातो.

बटण बंदच करून टाकावं म्हणून हात पुढे केला होता. पण मी आहे ती खेळ चालू आहे म्हणून. बंद झाल्यावर कोण उरेल? हात मागे घेतला.

२० मार्च

ज्ञानेशना गच्चीवर नेऊन विचारलं. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

म्हणाले, जेवताना तू मला दादा म्हणालीस. पापड मोडायची त्याची पद्धत. मी घास टाकून उठायला हवं होतं, पण उठलो नाही. बरं वाटलं गं.

मग ते खूप रडले. आईंनी आधी त्यांनाच विनवलं होतं, त्यांनी जॉयस्टिक धरली नाही. आणि मग आईंनी लग्नाची घाई केली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते जिना उतरून गेले.

उद्या सकाळच्या एसटीने सिन्नर. बॅग भरली आहे. पहिली जॉयस्टिक गेममधून उपसून माझ्या उशीखाली ठेवलीय. खेळ माझ्यावर थांबलेला आहे. एक रात्र फक्त —

तारीख माहीत नाही

आंब्यांचा वास आहे घरात. बाहेर ऊन. माझे केस कापलेत. मानेपर्यंत, पोरासारखे.

उशीखालून कोणी काढली? त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

डाव्या हातात जॉयस्टिक, उजव्याने लिहितेय. हिरवा एका विटेवर उभा आहे. तिथे खेकडा पोचत नाही. पण वेळ पळतोय. पहिली आईंच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मला थांबवता येत नाही.

तो चुकून पडला. पुन्हा चुकणार नाही. आईंनी आताच त्याला बजावलं, माझ्या तोंडाकडे बघून. आता खेळूच नकोस रे, नुसता थांबवून ठेव. कायमचा.

आई शेजारी सरकल्यात. केसांवरून हात फिरवताहेत. "पड ना गं बाई. एकदाच. तुझ्या आईबापाला मी काही कमी पडू देणार नाही. एवढी शहाणी पोर तू, पड ना."

किती प्रेमाने म्हणताहेत.

ज्ञानेश दारात आहेत. डबा हातात तसाच. मी ओरडले, वायर ओढा! काहीही होऊ दे, ओढा! बॅटरी त्यांनीच जोडली, त्यांना माहीत आहे कुठली —

आईंकडे बघताहेत. डबा खाली ठेवला.

वेळ फार थोडा —

आले. माझ्यासमोर बसले. वायरीकडे गेले नाहीत. माझा डावा हात हातात घेतला, आणि एकेक बोट जॉयस्टिकवरून सोडव