हारासाठी सोडलेली जागा

६ जानेवारी
दुकान उघडायला गेलो तर गोविंदकाका पायरीवर बसलेले. काकी जाऊन आठवडा झाला. मोबाईल पुढे केला. पुतण्याच्या लग्नातला घोळका, काकी मागच्या रांगेत, अर्धं तोंड कुणाच्या तरी फेट्याआड.
"ह्योच हाय. दुसरा न्हाय. बाराव्याला लावायचाय, मोठा करून दे."
नेहमीचं काम. आजूबाजूची माणसं कापली. काकींच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता तो पुसला. मागे निळा रंग. चेहरा थोडा लहान ठेवून दोन्ही बाजूंना हारासाठी जागा सोडली, नाहीतर झेंडू गालावर येतात. न दिसणारं अर्धं तोंड दिसणाऱ्या अर्ध्यावरून तयार केलं. काका बराच वेळ बघत राहिले. "अशी नव्हती ती," म्हणाले. मग म्हणाले, "पण चालंल."

घरी आलो. शुभा ओट्याशी भाकऱ्या थापत होती. एक थापली की ओट्याला टेकून उभी राहायची, मग दुसरी. पनवेलच्या डॉ.नी मला आणि सईला बाहेर बोलावून जे सांगितलं ते तिला अजून सांगितलेलं नाही. तिला 'पित्ताशयाला सूज' एवढंच ठाऊक. सईच म्हणाली, "नको बाबा, आई हाय खाईल." लेकीचं ऐकलं.

बोर्लीपासून म्हसळ्यापर्यंत निम्म्या घरांतले भिंतीवरचे फोटो माझे. आणि माझ्या बायकोचा एक धड नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिचा फोटो असा घोळक्यातून कापून करायची वेळ येता कामा नये. बाकी माझ्या हातात काही नाही, एवढं तरी आहे.

९ जानेवारी
शुभाचे फोटो थोरलीने काढून बघितले. थोरली म्हणजे दुकानातला डीएसएलआर. शिकाऊ लोक घेतात तसलाच, त्या जातीतला सगळ्यात खालचा, पण घर त्याच्यावर चाललं. सईने कॉलेजात असताना खिशातला छोटा कॅमेरा घेतला तेव्हा शुभा म्हणाली होती, "झाल्या दोघी. ही थोरली, ती धाकटी. आता मी तिसरी." तीच नावं पडली.

म्हटलं, लेन्स तपासायचीय, जरा खिडकीशी बस.
"लेन्सला मीच सापडले?"
बसली. पण थोरली डोळ्याला लावली की शुभाचं आधार कार्ड होतं. हनुवटी वर, ओठ घट्ट, मान ताठ. हस म्हटलं तर म्हणे, "हसायला झालंय काय?"

संगणकावर बघितले. पापणीचा केस न् केस वेगळा. गळ्याची हाडं. ब्लाउजची सैल झालेली बाही. डोळ्यांतली पिवळी झाक. थोरली काही म्हणता काही सोडत नाही. लोकांच्या डोळ्यांतला पिवळेपणा मी बसल्या बसल्या घालवतो. तिच्या डोळ्यांवर आणून माऊसचा बाण ठेवला आणि उठून बाहेर गेलो.

मोबाईलमधले पण चाळले. शुभाच्या अंगणवाडीच्या ग्रुपवर ढीग आहेत, बाई पोरांना खिचडी वाढतायत वगैरे. मोबाईल आपला आपणच चेहरा गुळगुळीत करतो. मोठा केला की मेणाची बाहुली.

१४ जानेवारी
सई आली. तिळाच्या वड्या शुभानेच केल्या, कुणाला हात लावू दिला नाही. एकही खाल्ली नाही.
कपाट आवरताना सईला धाकटी सापडली. "बाबा, हल्ली पोरी असले जुने कॅमेरे शोधत फिरतात. फॅशन आहे." चार्ज केली. नाक पुढे काढून झुंईं करत सुरू झाली.

सई म्हणते दोघींचे मेगापिक्सेल सारखेच, मग फरक काय. तिला समजावत बसलो. आतला उजेड झेलणारा तुकडा थोरलीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, धाकटीचा करंगळीच्या नखाएवढा. उन्हात दोघी सारख्या वाटतात, घरात खरं कळतं. खिडकीत लिंबू ठेवून दोघींनी फोटो काढला, मग तेच लिंबू माजघरात. माजघरात थो. स्वच्छ, धा.च्या फोटोवर रवा सांडल्यासारखं. भिंतीवरच्या आकाराला धा. टिकत नाही.
हे सगळं बोलत होतो आणि सई माझ्याकडे बघत होती. भिंतीवरच्या, असं मी बोलून गेलो. ती उठून परसात गेली.

१९ जानेवारी
पण एक आहे. धाकटीला शुभा मोजतच नाही.
सदऱ्याच्या खिशात बसते. डोळ्याला लावावी लागत नाही, पोटाशी धरून दाबता येते. आवाज नाही. शुभा बोलते, चिडते, भांडं आपटते, सगळं तसंच चालू ठेवते. "अजून खेळताय का त्या काडेपेटीशी?" एवढंच.
दोष हा की बटण दाबलं की धा. विचार करत बसते. मग फोटो. तोवर हसू गेलेलं असतं. चाळीसेक काढले, चाळिसांत हसून झाल्यानंतरची शुभा.
मग जमलं. ती हसण्याआधी दाबायचं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतं मला, कुठल्या वाक्याला हसणार ते. आज तिला शेजारच्या म्हाताऱ्याची बकरी सरपंचाच्या गाडीत बसल्याचं सांगत होतो, बकरी दारापर्यंत आली तेव्हाच दाबलं. मिळालं हसू. जरा हललेलं, पण मिळालं.
दिवसभर बरं वाटलं. स्वतःचीच लाज पण वाटली. कसली शिकार चालवलीय ही.

२४ जानेवारी
पनवेल. माणगावपर्यंत एसटी, पुढे दुसरी. ती खिडकीशी डोळे मिटून. रिपोर्ट बघून डॉ. मला म्हणाले, आता त्यांना घरीच राहू द्या, खावंसं वाटेल ते द्या. बाहेर येऊन शुभाला म्हटलं, "सुधारणा आहे म्हणतात."
"व्हय का," म्हणाली. ती एरवी असं बोलत नाही, तिच्या आईची बोली ती. चेष्टेने म्हणाली की काय कळलं नाही.
येताना तिला सुक्या बोंबलाची चटणी हवी झाली. केली. चिमूटभर खाल्ली.

मला काही सुचत नाही. देवाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

३० जानेवारी
तिची मोठी बहीण म्हसळ्याहून आली. माई. आल्या आल्या, "बाय गो, किती वाळलीस," आणि डोळ्याला पदर. मी माईला खुणेने गप्प केलं.
दोघी ओटीवर कडवे वाल सोलत बसल्या. लहानपणीचं काहीतरी निघालं, कोण कुणाच्या विहिरीत पडलं ते, आणि शुभा मान मागे टाकून हसली. तशी कधीपासून हसली नव्हती. मी आधीच दाबलं होतं. बरोबर वेळेवर. पडद्यावर बघितलं, हाच. हाच तो. पळत दुकानात गेलो.
मोठा केला.
वाल स्पष्ट. एकेका वालाचा मोड मोजून घ्या. धाकटी मध्ये दिसेल त्यावर नेम धरते, आणि मध्ये परात होती. वर शुभाचं तोंड धुक्यात.
टेबलावर हात आपटला. हात सुजलाय.

१ फेब्रुवारी
आता आडमार्ग पुरे. थोरली, दुकानातला छत्रीचा दिवा, कॅमेऱ्याची तिवई, सगळं नीट लावून एकदाच काढायचा. शुभाला सांगितलं, अंगणवाडीच्या ओळखपत्राला नवा फोटो लागणार आहे. खोटंच. पण सरकारी काम म्हटलं की ती निमूट बसते.

३ फेब्रुवारी
कुठून सुरू करू.
सकाळी रिक्षाने तिला दुकानात नेलं. हिरवी साडी नेसली होती. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती याच दुकानात बसायची, फोटो कापायची, गिऱ्हाईक बघायची. सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "जळमटं किती झालीत."
दिवा लावला. आज ताठ झाली नाही. थकली होती म्हणून असेल, किंवा ओळखपत्राचा कसला आलाय तोरा म्हणून. शांत बसली, माझ्याकडे बघत. मान किंचित डावीकडे म्हटलं तर घेतली. टक्. एकच काढला. काढतानाच कळलं होतं मला. डोळ्यांत ती होती, पूर्ण.
"बघू," म्हणाली. थोरली तिच्या हातात दिली. मागच्या पडद्यावर बघत राहिली. मला वाटलं, आवडला.
"ओळखपत्राच्या फोटोला चेहरा एवढा लहान का?"
मी दिवा बंद केला.
"बाजूला एवढी जागा कशाला सोडलीत?"
जागा कशाला ते तिलाच जास्त ठाऊक. म्हातारी माणसं आधीच येऊन फोटो काढून ठेवायची, तेव्हा तीच मला सांगायची, जरा मागे व्हा, हाराला जागा राहू द्या. मी ठरवून नव्हती सोडली. हात आपसूक गेला. तिवई मागे सरकवली, चौकट जुळली, हाताला सवय.
"कधी सांगणार होतात?"
"शुभा..."
"डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला तुम्हाला कॅमेरा लागला. सईला ठाऊक आहे?"
मान हलवली.
"माईला?"
माईला मीच फोनवर सांगितलं होतं. पुन्हा होकाराची मान हलवली.
"म्हणजे बोर्लीत मीच तेवढी राहिले."
रिक्षा नको म्हणाली. चालत निघाली, थांबत थांबत. मी मागून, थोडं अंतर ठेवून.

४ फेब्रुवारी
काल संध्याकाळी सगळं सांगितलं. जे डॉ. बोलले ते तसंच. ऐकून घेतलं तिने. रडली नाही, मीच रडलो. मग म्हणाली, "भात टाका."

आज परसात चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. ती थोरली घेऊन तिथे बसली होती. खालचं झाकण उघडून मेमरी कार्ड काढलं आणि निखाऱ्यात टाकलं. मी धावलो.
"नुसता पुसला तर पुसलेलाही तुम्ही कार्डातून परत काढाल. लोकांना काढून देताना बघितलंय मी."
प्लॅस्टिक जळल्याचा वास अजून नाकात आहे. तो फोटो मी संगणकावर घेतला नव्हता. तेवढा वेळच नव्हता मिळाला.

८ फेब्रुवारी
सईशी फोनवर भांडली. बऱ्याच दिवसांनी आवाज चढला तिचा. सई रडत घरी आली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी दारातून बघितलं. खिसा रिकामा होता, धाकटी पण शुभाने काढून घेतलीय. असती तर दाबली असती का? असती. काय माणूस आहे मी.

आता माझ्याकडे खिडकीतले ते पिवळ्या डोळ्यांचे आहेत आणि वालाच्या परातीमागचं धुकं आहे.

१५ फेब्रुवारी
बहुतेक वेळ झोपून. वेदनेचं औषध वाढवलं. मी दुकान उघडत नाही.
तिच्याजवळ बसतो आणि तिचं तोंड पाठ करतो. डाव्या भुवईत एक केस उलटा. कपाळावर देवीच्या लशीच्या डागाएवढा व्रण, कशाचा ते कधी विचारलं नव्हतं, आज विचारलं. "विळी," म्हणाली. डोळे मिटून आठवायला जातो तर गोविंदकाकांच्या काकी येतात, मी तयार केलेल्या.

१८ फेब्रुवारी
ती झोपली असताना सईने धाकटी आणून माझ्या हातात दिली. "बाबा, बघ आईने काय काढलंय."
मला वाटलं स्वतःचे काढले असतील. घाईने एकेक बघत गेलो.
स्वतःचा एकही नाही. मसाल्याची बरणी. हिंगाची डबी. तांदळाच्या डब्यातली वाटी. गॅसचं पुस्तक कपाटात कुठल्या कपड्यांखाली ते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. नळाची चावी मागच्या भिंतीत कुठे ती. सगळे तिरपे, निम्मे हललेले. धाकटी उशिरा टिपते ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.
एकात तिचा हात आलाय. मिठाच्या बरणीकडे बोट दाखवणारा. पाटल्या मनगटावरून खाली घसरलेल्या.
तिथेच फरशीवर बसलो. सईने पाणी दिलं. 

२१ फेब्रुवारी
दुपारी डोळे उघडले. पेज दोन चमचे घेतली. मग एकदम विचारलं,
"या खोलीत उजेड चांगला कधी असतो?"
"सकाळी. ऊन कौलांवरून खाली उतरतं तेव्हा. बिछान्यापर्यंत येतं."
"हं."
थोड्या वेळाने, "हिरवी नको. ती आमसुली रंगाची आहे ना, ती काढायला सांगा सईला. आणि थोरली आणा. काडेपेटी नको."
अजून काय बोलणार होती, पण झोप लागली.
नवं कार्ड आणलं. लेन्स पुसली. सईने साडी खुर्चीवर काढून ठेवली.

२२ फेब्रुवारी
ऊन आलं. आधी भिंतीवर, मग बिछान्याच्या पायथ्याशी. मी थोरली घेऊन खुर्चीवर. सई नाक्यावर दूध आणायला गेलीय.
ती झोपलीय. एका कुशीवर, हात गालाखाली. झोपलेल्या माणसाचा फोटो मी काढत नाही, कधीच काढला नाही. ते फोटो कसे दिसतात ते मला माहीत आहे.
पांघरूण हलतंय. पंखा चालू आहे. पंख्याने हलतंय की कसं ते इथून कळत नाही. पंखा बंद करायला उठलो आणि परत बसलो.
ऊन आता उशीवर. याहून चांगला उजेड या खोलीत मिळत नाही.
दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायचा धीर होईना, म्हणून हे लिहायला घेतलं.