रुमालाखाली लपलेले कान

परतवाडा,
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. पार्बता हिस गोवर्धनभाऊचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही त्रास नाही. सूर्यभानजींना रामराम. दीड वर्षाने माझं अक्षर पाहून तू पत्र फाडायला घेशील. थोडं थांब, आधी वाच.

बातमी अशी, की मी कानाचं मशीन घेतलं. सूनबाई प्राजक्ताने अमरावतीला जवळजवळ धरूनच नेलं. तिथल्या कानाच्या दवाखान्यातल्या मॅडमने एका बाईच्या आवाजातली गोष्ट लावली आणि तिच्यामागे माणसांचा गलबला. म्हणाल्या, "गोष्ट ऐकता ऐकता किती गोंगाट चालेल ते सांगा."

"वाढवा," मी म्हटलं. त्यांनी वाढवला. "अजून वाढवा. मी बैलबाजारातला दलाल आहो मॅडम. एवढ्यात तं आमचा बैलबी कान हालवत नाही."

हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, नुसतं कमी किती ऐकू येतं यावरून मशीन लाभेल का ते कळत नाही. गोंगाट किती खपतो यावरून बरंच कळतं. आपले महादेवराव मास्तर आठव. वर्गात पेन्सिल पडलेली त्यांना खपायची नाही. त्यांचं मशीन चार दिवसांत कपाटात गेलं. मास्तर नापास आणि मी पास, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं!

घरी आलो तर कुकर, ताटं, नळ, सगळं एकदम अंगावर आलं. वहिनी स्वतःशी माझ्याबद्दल काय पुटपुटते तेही कळलं. तरी मशीन काढलं नाही.

तू म्हणशील, बहिरा माणूस बाजारात चालला कसा? अगं, आमचा सौदा तोंडाने कुठे होतो? रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, भाव ठरला. सहा वर्षं तसंच निभावलं. फोनला मात्र रुमाल नसतो.

दीड वर्षामागे एका बाजाराच्या दिवशी तू अकोल्याहून फोन केलास. मी "हो हो, बेस्ट झालं" म्हणून ठेवून दिला. मग पंधरा दिवसांनी तुझ्या लेकीने, रागिणीने वहिनीला सांगितलं, की तुझं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि तू म्हणत होतीस, "भाऊ, मले भेव लागून राहिलं, तू ये."

पार्बता, मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता.

वहिनी म्हणाली, "तिले सांगा न, ऐकू येत नाही म्हणून. यात कायची लाज?" मीच तिला शपथ घातली. लहानपणी तू विहिरीवरून हाक मारलीस की मी शेताच्या धुऱ्यावरून पळत यायचो. तो भाऊ बहिरा झाला हे तुला कळण्यापेक्षा निर्दयी झाला असं वाटलेलं बरं, एवढी माझी अक्कल. चुकलो, बाई. फार चुकलो.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. माझ्यासाठी टीव्ही बंद करू नकोस, कुकरही चालू दे. मला समोर बसव आणि त्या दिवशी फोनवर जे बोललीस ते पहिल्यापासून सांग. शिव्या असतील तर त्याही दे. मशीनचे जास्तीचे सेल खिशात घेऊन येतो, तेव्हा लवकर आटपायची घाई नाही.

तुझ्या हाकेला दीड वर्ष उशिरा येणारा,
तुझा भाऊ
गोवर्धन