ताकदीची सुई

इंदूर
ता. ९ नोव्हेंबर २००३

चि. कौसल्या,
सप्रेम जयभीम. आम्ही इकडे ठीक. तुझ्या वहिनीचे, उषाचे, गुडघे थंडीमुळे जरा कुरकुरतात, बाकी काही नाही. महूला शंकरराव आणि संबोधी मजेत असतील. हे पत्र आधी तू एकटीने वाच. येत्या रविवारी तुला इंदूरला यायचंय, रक्त तपासायला. का ते सांगतो, जरा दम धर.

आमच्या शेजारचे तुकोजी गेले. पोटात पाणी झालं, शेवटी रक्ताची उलटी. गल्लीत सगळे म्हणाले, दारू. अगं, त्या माणसाने जन्मात कधी घोट घेतला नव्हता.

त्यानंतर एका संस्थेची नंदिनी नावाची मुलगी गल्लीत आली. हिपेटायटिस सी म्हणून आजार आहे, रक्तातून जातो, लिव्हर खातो आणि पंधरा-वीस वर्षं पत्ताच लागू देत नाही. ती बोट टोचून तपासणी करते. पण दार कोण उघडणार? मिल बंद झाल्यापासून फाइल घेऊन येणाऱ्यांवर आमच्या लोकांचा भरोसा नाही. मग ती मला म्हणाली, "कंपाउंडरसाहब, आप साथ चलो." मिलच्या दवाखान्यातला माणूस म्हणून मला अजून सगळे मानतात. मी गेलो.

बावीस जणांत नऊ निघाले. नंदिनी प्रत्येकाला विचारायची, सुया कुठे घेतल्या होत्या? प्रत्येक जण माझ्याकडे बघायचा आणि "याद नहीं" म्हणायचा. गल्लीतल्या श्रीकृष्णाने तर माझ्या डोळ्यात बघत सांगितलं, "बचपन में कहीं लगी होगी, बेटा." मला वाचवायला खोटं बोलला, आणि मी मान खाली घालून पुढच्या दाराकडे चालू लागलो.

मिलच्या दवाखान्यात पाणी दिवसभर उकळत असायचं. मिल बंद पडली आणि लोक संध्याकाळी घरी यायला लागले. म्हणायचे, कामधंदा नाही, अंगात जोर नाही, भिया, ती लाल ताकदीची सुई लावा. मी सिरिंज सकाळी एकदा उकळायचो. मग एकामागून एक, मधे नुसता स्पिरिटचा बोळा. सुई बोथट झाली की दगडावर घासायची. माहीत नव्हतं असं नाही. दर वेळी उकळायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आळस केला. आणि खरं सांगू, दारात लागलेली रांग मला आवडायची. मिल गेली तरी मी कोणीतरी आहे असं वाटायचं.

गुरुवारी नंदिनीला सगळं सांगितलं. वाटलं, पोलिसात देईल. तिने वही उघडली, म्हणाली, "काका, नाम बताओ." एकसष्ट सांगितली. आता एकेकाला शोधतोय. दारात मीच आधी बोलतो, सुई मैंने लगाई थी. काल सांवेर रोडच्या एका कारखान्यात चौकीदार असलेल्या सुधाकरने माझी कॉलर धरली. मी सोडवली नाही. थोड्या वेळाने त्यानेच सोडली आणि नंदिनीपुढे हात केला.

तुझं नाव मात्र मी सांगितलं नाही. जीभच वळेना. त्र्याण्णवला तू बाळंतपणाला आली होतीस. अशक्तपणा म्हणून दहा दिवस रोज सुई दिली. बाहेरची माणसं ताटकळू नयेत म्हणून घरच्या माणसाला शेवटी घ्यायचं, ही आपली रीत. तुला मी रोज रांग संपल्यावर टोचायचो, कौसल्या. सगळ्यांची झाल्यावर, त्याच सुईने. संबोधीला कधीच टोचलं नाही, तेवढं पक्कं आठवतं.

घाबरू नकोस, असं मी कोणत्या तोंडाने लिहू? नंदिनी म्हणते, वेळेत कळलं तर सांभाळता येतं. उपचार आहे. महिनोन्महिने सुया घ्याव्या लागतात, प्रत्येक वेळी नवी.

माझीही तपासणी झाली. काही निघालं नाही. मी स्वतः कधी ती सुई घेतलीच नाही गं. मला सुईची भीती वाटते.

रविवारी बसस्टँडवर उभा राहीन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, उषाबरोबर जा, मी मागे राहीन. शंकररावांना काय सांगायचं ते तू ठरव. पण ये. तुझं नाव आता जाऊन वहीत लिहून देतो, बासष्टावं.

दादा लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता,
लक्ष्मण