अशी वस्तू आमच्याकडे नाही

चिरंजीव जावईबापू यांस,

आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. (जावयाला आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा, याचा निकाल लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमच्या घरात लागलेला नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात नमस्कार, मी म्हणतो आशीर्वाद. तुम्हाला लागू पडेल ते ठेवून घ्या, उरलेलं परत पाठवू नका.) तुमची पाठ आता कशी आहे? नातीचा पुढचा दात पडल्याचं कळलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे काल सकाळी सव्वाअकरापर्यंत मी ठीक होतो. त्यानंतर मला जो धक्का बसला, त्यातून अजून सावरलेलो नाही. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि ते निम्मा कप होईपर्यंत कळलं नाही, यावरून काय ते ओळखा.

फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी तुमचे वडील असतात. म्हणून हे पत्र. लेक आज इकडे आली आहे, आत आईशी बोलत बसली आहे, जाताना घेऊन येईल. पाकिटाला तिन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे, कारण मला माझी मुलगी माहीत आहे.

आमच्या दोघा व्याह्यांमध्ये चार महिने अबोला का आहे हे तुम्ही जाणताच. तरी माझी बाजू पुन्हा सांगतो, कारण तुमच्या घरात ती त्यांच्याच बाजूने सांगितली जात असणार. बुद्धिबळाचा तो लाकडी डबा आम्ही दोघांनी मिळून घेतलेला. एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा त्यांच्याकडे, आणि दर रविवारी बागेतल्या बाकावर तीन डाव, यात अकरा वर्षांत खंड नाही. चार महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी बसमधून उतरलो, वळणापर्यंत बोलत आलो, आणि तिथे लक्षात आलं की डबा दोघांच्याही हातात नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे होता. ते म्हणाले, तुमच्याकडे. आता माझं पद तुम्हाला माहीत आहे. बस आगाराच्या हरवले-सापडले विभागाचा प्रमुखच बसमध्ये वस्तू विसरला, हे कचेरीत कळलं असतं तर चपराशीसुद्धा हसला असता. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. दोन दिवसांची रजा टाकली (कारण लिहिलं, पित्त), आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी घरच्या घरी मोबाइलवर, तुम्हीच आमच्या विभागाला करून दिलेल्या त्या इंटरनेटवरच्या पानावर जाऊन शोधलं. पान म्हणालं, अशी वस्तू आमच्याकडे नाही.

मग मी विचार केला. (माझं चुकलं ते इथे.) डबा बसमध्ये राहिला असता तर कंडक्टरने आगारात जमा केला असता. जमा झाला असता तर पानावर दिसला असता. पानावर नाही, म्हणजे बसमध्ये राहिला नाही. माझ्या घरी नाही. म्हणजे तो तुमच्या वडिलांकडे आहे. त्यात ते तीन आठवडे ओळीने हरत होते. मी त्यांना कचेरीच्या भाषेत पत्र लिहिलं, की सदर वस्तू आपल्या ताब्यात असण्याची दाट शक्यता असून आपण आपल्या कपाटांची तपासणी करून अहवाल द्यावा. त्या भल्या माणसाने सगळी कपाटं पलंगावर रिकामी केली, रिकाम्या खणांचे चौदा फोटो काढले आणि लेकीच्या हाती पाठवले. सोबत चिठ्ठी नव्हती. मी ते फोटो भिंग घेऊन पाहिले, हे आज लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. तेव्हापासून बोलणं बंद. प्लॅस्टिकचा एक नवा पट आणून तुमच्या सासूबाईंशी खेळून पाहिलं. त्या घोडा सरळ चालवतात, आणि विचारलं तर म्हणतात, रस्ता मोकळा होता.

आता कालची गोष्ट. तुम्ही पान करून दिल्याला चौदा महिने झाले. त्याआधी आमच्या खिडकीवर रांग असायची. पान आलं आणि रांग संपली. लोक घरून शोधत, मिळालं नाही की गप्प बसत. मोठ्या साहेबांना वाटलं की शहरातल्या लोकांना शिस्त लागली, आता कोणी काही विसरत नाही, आणि त्यांनी भर सभेत माझं कौतुक केलं. छत्र्या मात्र येतच होत्या. चौथं कपाट भरलं, पाचवं मागवलं. चौदा महिन्यांत पानावर वस्तू सापडलेला माणूस एकच, तो म्हणजे आमचे तारमास्तर. तारखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आठवड्याला एक वस्तू विसरतात आणि पानावर शोधून दुसऱ्या दिवशी घेऊन जातात. सगळ्या शहरात फक्त यांनाच कसं सापडतं, असा आम्हाला संशय आला आणि आम्ही त्यांच्यावर पाळत ठेवली. दोन महिने एक कारकून त्यांच्या मागे बसमध्ये बसत होता. (त्या कारकुनाचा डबाही एकदा बसमध्ये राहिला. तो त्यालाही सापडला नाही.)

तर काल सव्वाअकराला शिवणकाम करणाऱ्या एक बाई खिडकीशी आल्या. त्यांची मोठी कात्री हरवली होती. मी नियमाप्रमाणे सांगितलं, आधी पानावर शोधा. त्यांनी माझ्यासमोर मोबाइलवर इंग्रजीत शब्द टाकून शोधलं. पान म्हणालं, अशी वस्तू आमच्याकडे नाही. मी म्हटलं, बाई, नाही आमच्याकडे. त्या म्हणाल्या, "अहो, ही काय तुमच्या डोक्यावर लटकतेय!" मी वळून पाहिलं. खुंटीवर कात्री होती. आणि जावईबापू, लाज वाटते सांगायला, तरीही मी त्यांना म्हणालो की पानावर नाही म्हणजे ती ही कात्री नसावी. त्यावर त्या जे बोलल्या ते सासऱ्याने जावयाला कळवण्यासारखं नाही. पण रांगेत मागे कोणी नव्हतं, हे माझं नशीब.

गडबड ऐकून आमच्या टायपिस्ट बाई आल्या. त्यांनी तोच इंग्रजी शब्द तेच स्पेलिंग ठेवून मोठ्या अक्षरांत, म्हणजे कॅपिटलमध्ये टाकला, आणि पानाने निमूटपणे कात्री काढून दाखवली. खुंटी क्रमांकासकट! मी खुर्चीत बसलो तो बसलोच. आमच्या विभागाच्या शिस्तीप्रमाणे सगळ्या नोंदी कॅपिटलमध्ये असतात. लोक मोबाइलवर शोधतात ते छोट्या अक्षरांत. आणि कॉम्प्युटरच्या लेखी मोठा ए आणि छोटा ए हे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, सख्खे नाहीत, चुलत नाहीत, साधी ओळखदेखील नाही. आपल्या लिपीत ही भानगडच नाही, क हा सकाळी क असतो आणि संध्याकाळीही क. तारमास्तरांनी जन्मभर तारा कॅपिटलमध्ये ठोकल्या, दुसरं काही त्यांच्या हातून उमटतच नाही, म्हणून सगळ्या शहरात त्यांना एकट्यालाच सापडत होतं. आणि आम्ही त्यांना चोर समजलो.

तुमची चूक झाली असं मी म्हणत नाही. जावयाची चूक झाली असं आजवर कोणत्या सासऱ्याने म्हटलंय? टायपिस्ट बाई संध्याकाळी कसलासा कोर्स करतात. त्यांनी पानाची नक्कल आमच्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि जिथे शोधण्याचं काम चालतं ती ओळ काढली. आधी त्यांनी असं केलं की माणूस जो शब्द टाकेल तो मुकाट्याने छोट्या अक्षरांचा करून घ्यायचा. तेवढ्यात तारमास्तर हातकाठी न्यायला खिडकीवर आले, त्यांनाच पुन्हा टाकायला लावलं. आणि त्यांनाही मिळालं नाही! चौदा महिन्यांत पहिल्यांदा. बिचारे पांढरेफटक पडले, बाकावर बसून त्यांनी पाणी मागितलं. कारण शब्द छोटा झाला, पण यादी मोठीच राहिली, त्यामुळे ज्या एका माणसाला सापडत होतं त्याचंही बंद झालं. बाई म्हणाल्या, एकाच बाजूला खाली उतरवून भागत नाही, दोन्हीकडून उतरावं लागतं. मग त्यांनी यादीतली नोंदही तुलनेपुरती छोटी करून घेतली, आणि काठी मिळाली. याहून सोपा उपायही आहे म्हणे. शोधायचा नमुना दोन तिरक्या रेघांच्या मध्ये लिहितात, त्यातल्या दुसऱ्या रेघेनंतर एक छोटा आय लिहिला की कॉम्प्युटर लहानमोठं बघतच नाही. एक अक्षर! मी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या हो, एकच.

नंतर त्या मला म्हणाल्या, साहेब, तुम्हीही काहीतरी शोधून बघा. माझं बोट आपोआप गेलं. चार महिन्यांपूर्वी जे टाकलं होतं तेच टाकलं, छोट्या अक्षरांत, चेस. पान म्हणालं, एक वस्तू सापडली. कपाट तीन, खण दोन.

कपाट तीन माझ्या पाठीमागे आहे. माझी खुर्ची त्याला टेकलेली असते. चार महिने मी रोज त्या कपाटावर माझा जेवणाचा डबा ठेवतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी आजवर लोकांना ऐकवत आलो, ती अशी माझ्याच काखेत निघेल असं वाटलं नव्हतं. मी रजेवर होतो त्याच दोन दिवसांत कंडक्टरने डबा आणून दिला होता, बाईंनी पिशवीत घालून, लाखेचं सील मारून, कॅपिटलमध्ये नोंदवून ठेवला होता. तो कोणाचा हे त्यांना कसं कळणार? मी बोललोच नव्हतो. सील तोडलं, झाकण उघडलं, आणि मोजून पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या जागेवर होत्या. आणि मी एका सरळ माणसाला त्याच्याच घरात झडती घ्यायला लावली होती.

इतकंच कळवायचं होतं. पाठीची काळजी घ्या. जो लोभ शिल्लक आहे तो जपा, जो गेला आहे त्याचा तपास चालू आहे.

आपला,
हबकलेला सासरा

ता. क. एक विनंती राहिली. तुमच्या वडिलांना तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल, की पान करताना तुमच्याकडून एक अक्षर राहून गेलं आणि त्यामुळे सासऱ्यांचा गैरसमज झाला. मुलाची चूक बाप पोटात घालतो. व्याह्याची घालेल याची खात्री नाही.

ता. क. दोन. वरची विनंती रद्द समजा. तुमच्या सासूबाईंनी पत्र वाचलं. (चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावली आहे, ती त्यामुळे.) त्या म्हणाल्या, "जावयाला पुढे करून मागे लपायला लाज नाही वाटत?" वाटते. आणि खरं सांगायचं तर, सगळ्या नोंदी कॅपिटल अक्षरांतच कराव्यात हे परिपत्रक माझ्याच सहीचं आहे, अजून भिंतीवर आहे. यादी मोठ्या अक्षरांत असते हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या मी स्वतः येऊन माफी मागणार होतो.

ता. क. तीन. होतो, असं लिहिलं, कारण आत्ताच टायपिस्ट बाईंनी फोनवर एक यादी पाठवली. ज्यांना पानाने नाही म्हणून परत पाठवलं त्या सगळ्यांना कळवायचं म्हणून मीच ती काढायला सांगितली होती. कोणी काय शोधलं, कधी शोधलं, कोणत्या नंबरावरून, सगळं त्यात आहे. चेस या शब्दापुढे माझा नंबर एकदा आहे. मी एकदाच शोधलं आणि माणसावर आरोप केला. त्याखाली दुसरा नंबर आहे, तो मला पाठ आहे. एकशे अठरा वेळा. रोज सकाळी सहा चाळीसला, एकही दिवस चुकलेला नाही. चेस. चेस बॉक्स. बॉक्स चेस. ओल्ड चेस बॉक्स. आणि गेल्या दहा दिवसांपासून, प्लीज चेस.

जावईबापू, मला रडू आलं. ते मी लेकीपासून लपवलं आहे, तुम्हीही सांगू नका.

आता खरं काम. दुरुस्त केलेलं पान फक्त आमच्या कॉम्प्युटरवर आहे, बाहेर चढवायचा पासवर्ड तुमच्याकडेच आहे. लेक घरी पोचली की जेवायला बसण्याआधी तेवढी ओळ चढवा, आणि शोधताना पान प्लीज हा शब्द सोडून देईल एवढंही बघा. वडिलांना एक शब्द बोलू नका. त्यांना शोधू द्या. वस्तू सापडल्यावर ती स्वतः येऊन न्यावी लागते, हा नियम आहे. उद्या रविवार, माझी सुट्टी, पण सात वाजल्यापासून खिडकीवर मी बसणार आहे. पांढऱ्या सोंगट्या त्यांना देईन. (हरतील तरी तेच.)