डाळिंबाची नक्षी आणि काचेची पेटी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. प्रभु यास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. माझं काही क्षेम नाही, माझं डोकं फिरलंय. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला. निदान तो मध्ये बोलत नाही.

गौरीला आलास आणि दोन दिवस खोलीचं दार लावून बसलास. मला वाटलं, लेक माझा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. मी बाहेर कौतुकानं शेंगापोळ्या लाटत बसले. निघताना घाईघाईत बटण दाबून दाखवलंस. पत्र्याच्या डब्याच्या जागी काचेची पेटी, आत निळे-तांबडे दिवे गरगर फिरतायत. शिवम्मा मावशी मोहोळहून आलेली, ती म्हणाली, अक्का, गड्ड्याच्या जत्रंतला पाळणाच आणलास की घरात. तरी मी तिला गप्प केलं. म्हटलं, पोरानं हौसेनं केलंय.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर नक्षीचा प्रोग्रामच नाही! त्याचं ते बोटभर लॉक, जे मागच्या रुंद खोबणीत बसवल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही, ते हातात घेऊन मी पेटीभोवती फिरतेय आणि तशी खोबणच कुठं नाही. तुला फोन केला तर म्हणालास, आता कशाला अव्वा, आराम कर, भजनं भरून दिलीत. भजनं मी मठात ऐकते. तिथं डोळ्यांवर दिवे मारत नाहीत.

अतीकभाईंच्या कारखान्यासाठी डाळिंबाच्या वेलीची चादर अर्धी काढून झाली होती. डावीकडची डाळिंबं भरलीत, उजवीकडे नुसत्या चौकटी. दिवाळीच्या आत त्यांना ती मागावर चढवायची आहे. त्यांना काय सांगू, माझ्या मुलानं मला रिटायर केलं? मला विचारून केलं असतंस तर एक गोष्ट होती. माझा कॉम्प्युटर कुठं आहे ते उलट टपाली कळव.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी,
अव्वा


पुणे, दि. २६ सप्टेंबर २०२४

ती. अव्वा हीस प्रभुचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. कुरिअरवाल्यानं ऑफिसात सगळ्यांसमोर दिलं, त्यामुळे मी काय गुन्हा केला याची आता तिथं चौकशी चालू आहे.

अव्वा, मलाही राग येतो. एकेक भाग मी स्वतः निवडला. रजा टाकून, पाठ मोडेपर्यंत बसून जोडला. आणि तुला त्यात जत्रेतला पाळणा दिसला. तुझ्या त्या जुन्या डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या हे तूच मला सांगितलंस, आणि त्यावर उपाय काय केलास, तर पायाखाली लाकडी पाट! तू घरात एकटी असतेस. एखाद्या दिवशी मुंग्यांवर भागलं नाही तर मला कळणार कधी? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना आराम द्या असं डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते. तू मान डोलावलीस आणि घरी येऊन चौकटी भरायला बसलीस.

प्रोग्राम मी मुद्दाम ठेवला नाही, हे खरं आहे. सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस. पत्र्याचा डबा भंगारात दिला. आतला मदरबोर्ड आणि डिस्क तेवढी माळ्यावर गुंडाळून ठेवली आहे, टाकवली नाही. पण त्यांचा आता काही उपयोग नाही.

आणि एक सांगायलाच हवं. लोक विचारतात ग. मुलगा पुण्यात एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आणि आई अजून चादरींच्या नक्ष्या काढते? काय उत्तर देऊ मी?

औषधं वेळेवर घे. राग शांत झाला की फोन कर. माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
प्रभु


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रभु यास अनेक आशीर्वाद.

राग शांत झालेला नाही, म्हणून फोन केला नाही.

आधी वाईट बातमी सांगते, नंतर कुणाकडून कळली असं नको. खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे कॉम्प्युटरची पूजा केली. विभूतीचे तीन पट्टे ओढले, हळदकुंकू वाहिलं, शोभा म्हणून ते दिवेही चालू केले. नारळ फोडला आणि नेहमीसारखं चार थेंब पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडलं. फट् करून आवाज झाला, जळका वास आला आणि दिवे गेले ते गेलेच. वीस वर्षं मी जुन्या डब्यावर पाणी शिंपडलं, त्याला कधी शिंकसुद्धा आली नाही. बघते तर तुझ्या पेटीला वर नुसती जाळी! चारी बाजूंनी काच लावणाऱ्याला वर छप्पर घालायचं सुचू नये? मी मुद्दाम केलेलं नाही. देवासमोर होते, खोटं लिहिणार नाही. तू कष्टानं जोडलेलं माझ्या हातून गेलं याचं मला वाईट वाटलं.

पण रडत बसले नाही. आपल्या गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास घेणाऱ्या महेजबीनला बोलावलं. माळ्यावरचं बोचकं काढलं. पेटी आतून पुसून वाळवली, तुझे जळलेले भाग काढले आणि माझा जुना मदरबोर्ड त्यात बसवला. भोकं तंतोतंत जुळली. स्क्रू मी पिळले, कारण तिच्या हातावर मेंदी होती. तळातला वीज देणारा डबा शाबूत होता. भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं हेही तिच्यामुळेच कळलं. वायरमननं ते करून दिलं आणि मुंग्या बंद झाल्या. तेवढं तुझं बरोबर होतं. पाटावर पाय ठेवून दिवस काढणं हा माझा मूर्खपणा होता.

सुरू केल्यावर अर्धी डाळिंबं होती तशी समोर आली. मला भरूनच आलं. आता जुनी अव्वा नव्या पातळात बसावी तसा तो काचेत बसलाय आणि गपगुमान काम करतोय.

आता तुझी शेवटची गोष्ट. लोक विचारतात म्हणे. कोण लोक? मला नावं कळव. अप्पा गेले तेव्हा तू सातवीत होतास. तेव्हा यांतला कुणी दारात आला नव्हता. अप्पांच्या हातची अर्धी नक्षी टेबलावर पडली होती, ती मी पुरी केली. अतीकभाईंच्या वडिलांनी, गैबीसाबांनी, ती बघितली आणि लगेच पुढची दिली. त्याच चौकटींवर तू इंजिनियर झालास. होस्टेलवर मोरांची चादर पांघरत होतास ना? तेव्हा लाज वाटली नाही, ऊब वाटली. मला कामाची लाज नाही आणि कामाची दमणूकही नाही. मला दमवतात ती माझ्यासाठी काळजीनं बंद केलेली दारं. डोळ्यांचं म्हणशील तर दर तासाला उठते, मिटून बसते. डॉक्टरांना विचारून घेतलंय.

नावं कळवायला विसरू नकोस. तोवर लोभ जपून ठेवला आहे.

तुझी,
अव्वा


पुणे, दि. २० ऑक्टोबर २०२४

ती. अव्वा हीस शि. सा. नमस्कार.

नारळाचं पाणी! चालू मशीनवर! ऑफिसात कुणाला सांगायचीही सोय नाही. मी त्या जाळीतून वारा खेळावा म्हणून किती दुकानं पालथी घातली, आणि तू तिथून तीर्थ सोडलंस. जळलेले भाग फेकू नकोस, निदान मला बघू दे काय वाचतंय. आणि मदरबोर्ड बसवायला ती बाई कुठं शिकली? खाली आधाराचे खिळे घातले का? न घालता बसवला तर परत जळेल. हे नक्की बघ.

अर्थिंग झालं हे वाचून मात्र बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

नावं काय कळवू अव्वा? लोक म्हणजे असेच सगळे. तू शब्द धरून बसू नकोस.

दिवाळीला येतो. रागावलीस तरी दार उघड.

तुझा,
प्रभु


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, दि. २८ ऑक्टोबर २०२४

चि. प्रभु यास अनेक आशीर्वाद.

आधाराचे खिळे घातलेत. नारळाच्या पाण्यावर तू भरभरून लिहिलंस आणि नावांवर दीड ओळ. ती मी पुन्हा पुन्हा वाचली आणि समजले. ते लोक पुण्यात राहत असतील, पण गौरीला माझ्याच हातचं जेवून गेले. रागापेक्षा मला वाईट जास्त वाटलं, तेही लिहून टाकते.

डाळिंबं पुरी झाली. अतीकभाईंकडे नक्षी घेऊन गेले तेव्हा अट घातली. चादरीच्या काठाला कारखान्याचं नाव विणतात, त्याच्या शेजारी यंदा माझं नाव हवं. ते हसले. म्हणाले, अम्मा, नक्षीवालीचं नाव आजवर कुणी विणलंय का, गिऱ्हाईक कुठं बघतंय? मी म्हटलं, मग नक्षी तरी कुठं बघतंय, पांढरी चादर विका. कागद उचलले आणि उठले. जिन्यापर्यंत गेल्यावर त्यांनीच परत बोलावलं.

मागावरून उतरलेली पहिली चादर आज पार्सलनं तुझ्याकडे पाठवली आहे. दिवाणावर घाल. कुणी विचारलं तर तुला उत्तर शोधत बसावं लागणार नाही, काठाला लाल सुतात ‘नक्षी : नीलम्मा’ असं विणलंय.

अतीकभाई आडनावही विणायला तयार होते. मीच नको म्हटलं. आडनाव तुझंही आहे, तुझ्या लोकांत तुला अवघड व्हायला नको.

दिवाळीला ये. लोभ होता तसाच आहे.

तुझी,
अव्वा