म्हाताऱ्याखालची घोंगडी

संत आंद्रेचा सण, गुरुवार

ठरलं. उद्या म्हाताऱ्याला खाली उतरवायचं.

मठाच्या सभेत कुणी मान वर केली नाही. आबा बेर्नफ्रीद उभे राहून बोलले. मठाधिपती झाल्यापासून सभेत उभे राहिलेले मी त्यांना पाहिले नव्हते. म्हणाले, "तीन पत्रं पाठवली. दोन माणसं पाठवली. गिशार सरदाराने पत्रं चुलीत घातली आणि माणसं भुयारात. आता म्हाताऱ्यानेच बघावं."

त्या दोन माणसांतला एक माझा धाकटा भाऊ, जोस्बेर. दुसरा अम्लार — साठी उलटलेला, मठाची डुकरं राखणारा. सरदाराने आमचं बीच झाडांचं रान दाबलं, रानात चरणारी डुकरंही हाकून नेली. ती परत मागायला हे दोघे गढीवर गेले. ते परत आलेच नाहीत. भुयार म्हणजे बुरुजाच्या तळाचा खड्डा. तिथे उन्हाळ्यातही पाणी पाझरतं.

संत गोदालला आम्ही सगळे म्हाताराच म्हणतो. चारशे वर्षांपूर्वी तो या रानात आला आणि पहिली झोपडी बांधली. बावीस वर्षं त्याच्या अस्थींची पेटी मी पुसतो आहे. चांदीचा पत्रा कुठे सैल झाला आहे, लाकूड कुठे कुरकुरतं, सगळं हाताला माहीत आहे. उद्या त्याच हातांनी ती वेदीवरून उतरवून जमिनीवर ठेवायची. वर काटे घालायचे. आपल्या माणसांना विसरला म्हणून संताची चारचौघांत लाज काढायची! आमच्या आजोबांच्या काळी एकदा केलं होतं म्हणतात. नऊ दिवसांत तेव्हाचा सरदार गुडघ्यांवर आला.

मी विरोध केला नाही. भाऊ माझा आहे, म्हणून गप्प बसलो. तो दुसऱ्या कुणाचा असता तर बोललो असतो का? ठाऊक नाही.

शुक्रवार

काटे मीच तोडून आणले. कुंपणाच्या काळ्या काटेरी झुडपाचे, लांब, सुईसारखे. हात रक्ताळले. बरं वाटलं.

एक सोडून सगळ्या मेणबत्त्या विझवल्या. जमिनीवर जाडंभरडं केसाळ कापड अंथरलं आणि त्यावर पेटी ठेवली. शेजारी क्रूसही आडवा. वर काटे. मग आम्ही सगळे पालथे पडलो आणि आबांनी मोठ्याने गाऱ्हाणं वाचलं — आम्ही तुझे, तुझ्या रानाचे, तुझ्या भाकरीचे, आणि तू बघत बसला आहेस.

माझं तोंड पेटीपासून हातभर अंतरावर होतं. डोळे उघडले नाहीत. कोणत्या तोंडाने त्याच्याकडे बघू?

मोठ्या दाराशीही काटे रचले आहेत. उद्यापासून घंटा नाही, नुसती लाकडी फळी वाजवायची.

शनिवार

लिहितो, कारण कुणाला सांगता येत नाही.

दुपारी देवळात एकटा होतो. फरशीला हात लावला. बर्फ! त्या फरशीवर तो. मला काय झालं कळलं नाही. निजायच्या खोलीत गेलो, माझ्या खाटेवरची घोंगडी आणली, चौघडी केली आणि केसाळ कापडाखाली सारली. पेटी एका बाजूने उचलली तेव्हा आत हाडं हलकेच सरकली. झोपेत माणूस कूस बदलतो ना, तसा आवाज.

काटे वर तसेच आहेत. बाहेरून काही दिसत नाही.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार

एर्मेंजार आली. जोस्बेरची बायको. मोठं दार बंद, म्हणून बाजूच्या दाराने घुसली. बंधू रोस्तां अडवायला गेला. तो कोठारावरचा माणूस, अंगाने आडवा. त्याला म्हणाली, "सरक रे, पिठाच्या पोत्या!" आणि सरळ पेटीपाशी. पायातला लाकडी जोडा काढला आणि पेटीवर हाणला. एकदा, दोनदा, तीनदा.

"ऊठ म्हाताऱ्या! निजलास काय? दरसाल तुला मेण देते मी, पहिल्या मेंढीची लोकर देते! माझा माणूस पाण्यात बसलाय आणि तू चांदीत!"

मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे वळली.

"भावोजी, तुम्ही तरी काय करताय? दोन स्तोत्रं म्हणता नि जेवता. तुम्ही उबेत, तुमचा संतही उबेत!"

उबेत म्हणाली. माझा चेहरा पडला असणार. तिला वाटलं, भावाची आठवण आली. मग तीच रडली. जाताना काटे नीट सारून गेली.

मंगळवार

बर्फ पडला. गढीवरून काही नाही.

संत निकोलसचा सण, बुधवार

जेवताना म्हाताऱ्याचं चरित्र वाचायला घेतलं. जन्मभर तो उघड्या दगडावर निजला. एकदा राजाने पिसांची गादी पाठवली, ती त्याने बाळंतिणीला देऊन टाकली. "माझ्या वाट्याची ऊब ज्याला हवी त्याला द्या," म्हणाला.

पंधरा वेळा तरी ऐकलं असेल. आज वाडगा तसाच बाजूला सारला.

घोंगडीशिवाय मला झोप येत नाही. पन्नाशीला आलेली हाडं. पण तेवढंच समाधान — थंडी माझ्या वाट्याची, ऊब त्याच्या.

शनिवार

नऊ दिवस झाले. सरदार आला नाही. पत्र नाही, माणूस नाही. गढीच्या धुराड्यातून रोज धूर निघतो.

सभेत रोस्तां म्हणाला, "मला वाटतं म्हातारा मजेत झोपलाय. काटे टोचले असते तर एव्हाना ओरडला नसता?" दोघेतिघे हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "आजोबांच्या वेळी नऊ दिवस पुरले होते. या वेळी काय कमी पडलं?"



काय कमी पडलं ते मला माहीत आहे! मीच. अख्खा मठ संताला टोचणी देतो आहे आणि मी खालून मऊ करतो आहे. त्याला दुःख होईना, तर तो उठेल कशाला? माझी दया जोस्बेरच्या छातीवर धोंडा होऊन बसली आहे.

की असं नाही? संत काय काट्याने हलतो? मला गावच्या पाद्र्याने अक्षरं शिकवली, एवढंच माझं शिक्षण. मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत.

सोमवार

आबांना सांगितलं. सगळं.

ते बराच वेळ शेगडीतले निखारे सारत राहिले. मला वाटलं, उपासाची शिक्षा देतील.

"हेमेरिक, बावीस वर्षांपूर्वी पेटी तुझ्याकडे का दिली, माहीत आहे?"

"नाही, आबा."

"तू तिच्यावरून हात फिरवायचास ना, आजारी जनावरावरून फिरवतात तसा. म्हटलं, हा सांभाळेल." मग म्हणाले, "पण सांभाळायची एक वेळ असते. आत्ता तो आपला वकील आहे. वकिलाला अंथरूण घालून द्यायचं नसतं."

"मग काढू?"

"तू घातलीस. तूच ठरव. मी हुकूम दिला तर तुला सोपं जाईल, म्हणून देत नाही."

मंगळवार

काढली.

दुपारच्या प्रार्थनेनंतर सगळे कामाला गेले होते. समोरच्या गढीवर आज डुकरं कापत होते — आमचीच. त्यांचं ओरडणं दरी ओलांडून देवळात येत होतं. तेवढ्यात उरकलं. पेटी एका बाजूने उचलली आणि घोंगडी ओढली. अडकली. पुन्हा ओढली.

ती गरम होती. देवाशपथ! दहा दिवस त्या फरशीवर पडलेली, आणि नुकती कुणी अंगावरून काढावी तशी.

पेटी खाली टेकली. फरशीवर लाकूड वाजलं. मी म्हणालो, "माफ कर, म्हाताऱ्या. माझा भाऊ आहे."

घोंगडी खाटेवर टाकली आहे. पांघरायचं धाडस नाही.

संत लूसीचा सण, बुधवार

वर्षातला सर्वांत लहान दिवस. उजाडलं म्हणेपर्यंत मावळलं.

गुरुवार

सरदार आला!!

अनवाणी, बर्फातून, गळ्यात दोर अडकवून. मागे त्याची आई खेचरावर. ती सारखी म्हणत होती, "आणखी वाक. आणखी वाक, मेल्या!" बीचचं रान परत. उरलेली डुकरं परत. क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली. दातावर दात वाजत होते.

आणि खेचराच्या मागे गाडीत जोस्बेर. जिवंत! पाय काळेनिळे, दाढी वाढलेली, पण जिवंत. मला बघून म्हणाला, "दादा, तू किती वाळलास!" मी! एर्मेंजार गाडीत चढली आणि त्याला बडवायला लागली. "सांगितलं होतं जाऊ नकोस! सांगितलं होतं ना!" आणि त्याचे पाय पोटाशी धरून बसली.

गाडीत दुसरंही कुणी होतं, गोणपाटाखाली. अम्लार. मंगळवारी रात्रीच गेला. सकाळी पहारेकऱ्याला सापडला तो ताठ. ते कळताच सरदाराच्या आईने धसका घेतला — संत जमिनीवर, आणि संताचा माणूस आपल्या खड्ड्यात मेला! तिने पोराला जेवू दिलं नाही की झोपू दिलं नाही.

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंगळवारी काढलीस. गुरुवारी आला. पाहिलंस?"

पाहिलं. देवा, माझ्या वेडगळ मायेने दहा दिवस फुकट घालवले. आधीच काढली असती तर अम्लारही चालत आला असता!

शुक्रवार

सकाळी अम्लारला पुरलं. त्याचं आपलं असं कुणी नव्हतं. त्याने राखलेली सात डुकरं कुंपणाशी उभी होती, कुणीतरी सोडली होती. रोस्तां आज एकही विनोद करेना. खड्ड्यात माती लोटताना तोच जास्त रडला.

दुपारी म्हाताऱ्याला वर घेतलं. काटे जाळले. सगळ्या मेणबत्त्या लावल्या, दार उघडलं, घंटा वाजली. गाव आत घुसलं. एर्मेंजारने पेटीवरचे आपल्या जोड्याचे पोचे शोधून त्यांचे मुके घेतले. पेटी मी पुसली. खालून लाकूड थंडगार होतं.

शनिवार

मठातल्या आजाऱ्यांच्या खोलीत जोस्बेरचे पाय शेकत बसलो होतो. घोंगडी त्याच्यावर घातली. त्याने ती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"दादा, तिथेही असंच होतं," म्हणाला. "भिंतीवर बर्फ धरलेला, पण आमच्या खालची जमीन गरम. मेंढरांत निजल्यासारखी. आधी काही दिवस आम्ही कुडकुडलो, आणि मग एका दुपारी एकदम ऊब आली. अम्लार म्हणायचा, खाली कुणाची तरी चूल असेल. तिच्यावरच जगलो."

मी विचारलं, मग काय झालं.

"गेली. जशी आली तशीच. कुणीतरी खालून ओढून घ्यावी तशी. गढीवर डुकरं कापली ना, त्या दुपारी."